जॅझ टिकला तो ऐकणाऱ्यांमुळे

जॅझ मन लावून ऐकणाऱ्यांच्या एका लहानशा गटात मी बरीच वर्षे आहे. काही जण पुण्या-मुंबईचे, काही गोव्याचे आणि काही नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेले, असा हा विखुरलेला गोतावळा आहे. आमच्यापैकी जवळजवळ कोणीच वाद्य वाजवत नाही. एखादे ध्वनिमुद्रण निवडायचे, ते प्रत्येकाने पुन्हापुन्हा ऐकायचे, कोण वाजवत आहे, कुठे वाजवले गेले, त्याच चालीची दुसरी मुद्रणे कोणती आहेत हे शोधायचे आणि मग त्यावर बोलायचे, एवढाच आमचा उद्योग. नुसत्या श्रोत्यांच्या अशा मंडळाचा संगीताला काय उपयोग, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. जॅझपुरते तरी त्याचे उत्तर इतिहासात स्पष्ट लिहिलेले आहे. आज आपण जो जॅझ ऐकू शकतो त्यातला फार मोलाचा भाग कंपन्यांनी नव्हे, तर श्रोत्यांनी टिपला, त्याची नोंद केली आणि तो जपून ठेवला. या गटात असण्याचा मला जो अभिमान वाटतो, तो त्या परंपरेचा आहे.

असे का घडले हे समजण्यासाठी या संगीताचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. जॅझमध्ये चाल ही बहुधा केवळ निमित्त असते. तिच्या स्वरसंगतींच्या आधाराने वादक त्या क्षणी जे रचतो तेच खरे संगीत, आणि तोच वादक तीच चाल दुसऱ्या रात्री वाजवतो तेव्हा निराळे काही घडते. ख्यालाच्या बैठका ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण एका बैठकीतला यमन दुसऱ्या बैठकीत तसाच्या तसा भेटत नाही, हे त्याला ठाऊक असते. पण १९४८ मध्ये लाँगप्लेइंग तबकड्या येईपर्यंत कंपन्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत असत. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या वादनाला त्या तीन मिनिटांत जागा नव्हती. त्यामुळे स्टुडिओतल्या तबकड्या कितीही उत्तम असल्या, तरी वादक लोकांसमोर कसे वाजवत हे त्यांवरून पुरते कळत नाही. ते कळते ते काही हौशी माणसांनी स्वतःची यंत्रे उचलून नेली म्हणून.

जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांची गोष्ट मला या सगळ्यांत सर्वाधिक प्रिय आहे. पियानोवादक आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो या गावी, क्रिस्टल बॉलरूम नावाच्या नृत्यगृहात वाजवणार होता. शेजारच्या साउथ डकोटात राहणाऱ्या या दोघांनी आधी एलिंग्टनच्या व्यवस्थापकांची आणि मग प्रत्यक्ष एलिंग्टनची परवानगी मिळवली, तीही केवळ स्वतःला ऐकण्यापुरती. त्यांच्याजवळ तबकडीवर थेट खाचा कोरणारे, वाहून नेता येण्याजोगे यंत्र होते. तबकडीची बाजू भरली की ती बदलावी लागे आणि तेवढ्या वेळात वाद्यवृंद काही थांबत नसे, म्हणून काही चाली मध्येच सुरू होतात, तर काही मध्येच तुटतात. तरीही त्या रात्री जे हाती लागले त्याला तोड नाही. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स नुकताच वृंद सोडून गेला होता आणि त्याच्या जागी आलेला रे नान्स अगदी नवखा होता, म्हणजे एक मोठा वाद्यवृंद ऐन बदलाच्या क्षणी आपल्याला ऐकू येतो. बेन वेब्स्टरने टेनर सॅक्सोफोनवर सावकाश उलगडलेली 'स्टारडस्ट' ही चाल इथेच आहे. आणि जिमी ब्लँटन आहे. डबल बास हे केवळ मागून ठेका धरणारे वाद्य नसून त्यावर सुरेल, स्वतंत्र विचार मांडता येतो हे दाखवून देणारा हा वादक १९४२ मध्ये क्षयाने गेला, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. स्टुडिओत त्याने थोडेफार मुद्रण केले, पण नाचणाऱ्या जोडप्यांसमोर तो अख्खी रात्र कसा वाजवत असे हे समजून घ्यायचे, तर फार्गोकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

या तबकड्या अनेक वर्षे खासगी संग्रहात राहिल्या. १९७८ मध्ये त्या रीतसर प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांना ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. टॉवर्स पुढे जुनी ध्वनिमुद्रणे स्वच्छ करण्याच्या कामातले अत्यंत आदरणीय तज्ज्ञ झाले. एका रात्रीच्या हौसेतून एका माणसाला आयुष्यभराचे काम सापडले आणि जगाला एलिंग्टनची एक संपूर्ण रात्र मिळाली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचा एक विद्यार्थी, जेरी न्यूमन, असेच यंत्र घेऊन हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात बसत होता. तिथे थेलोनियस मंक पियानोवर आणि केनी क्लार्क ड्रमवर असत आणि इतर वादक आपापले रोजचे काम संपवून रात्री उशिरा तिथे जमत. चार्ली ख्रिश्चन तेव्हा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वृंदात होता आणि विद्युत गिटारवर त्याने जे केले त्याने ते वाद्यच बदलून गेले. मार्च १९४२ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तोही क्षयाने वारला. न्यूमनने मे १९४१ मध्ये केलेल्या मुद्रणात ख्रिश्चन आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतो, आणि तीन मिनिटांच्या मर्यादेबाहेर त्याची कल्पनाशक्ती कशी धावत असे ते तिथेच कळते. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध भागाची सुरुवातच त्याच्या वादनाच्या मधूनच होते. तो पुढे 'स्विंग टू बॉप' या नावाने विकला गेला, पण मूळ चाल आहे 'टॉप्सी'. अशा गोष्टी कान देऊन ओळखाव्या लागतात आणि कोणीतरी त्या लिहूनही ठेवाव्या लागतात.

मिंटन्समधल्या या मुद्रणांचे महत्त्व पुढच्या घटनांमुळे आणखी वाढले. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, आणि मोठ्या कंपन्यांपैकी काहींशी तो थेट नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. संघटनेची मागणी रास्त होती, कारण तबकड्या वाजवून रेडिओ आणि हॉटेले पैसे मिळवत होती व वादकांचा रोजगार मात्र जात होता. पण नेमक्या याच काळात बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान आणि गुंतागुंतीची शैली अशाच क्लबांत घडत होती, आणि तिच्या घडणीचे मुद्रित पुरावे फारच थोडे उरले. हार्लेममधल्या त्या विद्यार्थ्याने यंत्र नेले नसते, तर हा दुवा पुरता तुटला असता.

बीबॉपचा अग्रणी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या बाबतीत डीन बेनेडेट्टी या तरुण सॅक्सोफोनवादकाने तर स्वतःचे वादन मागे सारले. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांत तो पार्करचे वादन मुद्रित करत राहिला, आधी तबकडीवर आणि मग तेव्हा नव्यानेच आलेल्या कागदी टेपवर. माध्यम महाग होते, म्हणून तो बहुतेक वेळा फक्त पार्करचे एकल वादन टिपत असे, आणि ते संपले की यंत्र बंद करत असे. त्यामुळे सलग ऐकताना हे मुद्रण फार खडतर वाटते. काही तुकडे तर काही सेकंदांचेच आहेत. तो १९५७ मध्ये इटलीत वारला. नंतर अनेक वर्षे या टेप केवळ दंतकथेच्या स्वरूपात होत्या. अखेर त्या त्याच्या भावाकडे सापडल्या आणि १९९० मध्ये सात सीडींच्या संचात प्रसिद्ध झाल्या. आमच्या गटात हा संच ऐकताना काही जण थकले आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले. मला मात्र वाटते की पार्करचा विचार कसा चालत असे, एकच चाल तो रोज कुठून नव्याने उघडत असे, हे समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

मुद्रण झाले तरी ते कोणाचे आहे हे कळल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. सुरुवातीच्या तबकड्यांवर वृंदप्रमुखाचे नाव असे, बाकीच्यांचे नसे. कधीकधी तर तेही खरे नसे. एडी लँग या इटालियन वंशाच्या गोऱ्या गिटारवादकाने १९२९ मध्ये लॉनी जॉन्सन या काळ्या गिटारवादकाबरोबर जे अप्रतिम युगुलवादन केले, ते 'ब्लाइंड विली डन' या खोट्या नावाखाली विकले गेले. हा गोंधळ निस्तरण्याचे काम पॅरिसमधल्या श्रोत्यांनी हाती घेतले. तिथे १९३२ मध्ये हॉट क्लब ही रसिकांची संस्था स्थापन झाली होती आणि तिच्याच पाठबळाने १९३४ मध्ये गिटारवादक जँगो राइनहार्ट व व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचा पंचवादकांचा वृंद उभा राहिला. या क्लबातल्या शार्ल दलोने यांनी १९३६ मध्ये जॅझच्या तबकड्यांची पहिली पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक, मुद्रणाची तारीख, गाव आणि प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य, अशी ती नोंद असते. वादकांना पत्रे लिहून, भेटून, तबकडी पुन्हापुन्हा ऐकून ही माहिती जमवली गेली. वाचायला ही सूची रूक्ष वाटेल, पण माझ्या मते तो या संगीताविषयीच्या आदराचा सर्वांत प्रामाणिक आविष्कार आहे, कारण जो वादक चार पैसे घेऊन अनाम निघून गेला त्याचे नाव तिने त्याला परत दिले.

अमेरिकेत हेच काम तबकड्यांच्या दुकानांतून झाले. न्यूयॉर्कमधल्या कमोडोर या दुकानाचे मिल्ट गेब्लर जुन्या तबकड्या पुन्हा काढताना लेबलवर सगळ्या वादकांची नावे छापू लागले. १९३८ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. कोलंबिया कंपनीने 'स्ट्रेंज फ्रूट' हे वर्णद्वेषी हत्यांविषयीचे गीत काढण्याचे नाकारले, तेव्हा बिली हॉलिडेने ते १९३९ मध्ये गेब्लरसाठी गायले. बर्लिनहून आलेला आल्फ्रेड लायन डिसेंबर १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमधल्या एका मैफलीने इतका भारावला, की ६ जानेवारी १९३९ रोजी त्याने बुगी-वुगी या ठेकेदार शैलीच्या दोन पियानोवादकांना स्टुडिओत नेले. ब्लू नोट ही कंपनी अशी जन्माला आली. ही दोन्ही माणसे मुळात श्रोतेच होती.

श्रोत्यांच्या मंडळाने काय घडवता येते याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र टोरँटोचे आहे. तिथल्या न्यू जॅझ सोसायटी या छोट्या मंडळाने १५ मे १९५३ रोजी मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, पियानोवादक बड पॉवेल, बासवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमवादक मॅक्स रोच या पाच जणांना एकत्र आणले. व्यवहाराच्या दृष्टीने ती संध्याकाळ साफ फसली. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची जागतिक विजेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत होती, सभागृह अर्धेही भरले नाही आणि मंडळाला वादकांचे पैसे धडपणे चुकते करता आले नाहीत. पार्करने त्या दिवशी प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. मिंगसने मुद्रणाच्या टेप सोबत नेल्या, पुसट आलेला आपला बास नंतर त्यावर पुन्हा वाजवला आणि स्वतःच्या डेब्यू या कंपनीतर्फे ते प्रसिद्ध केले. पार्कर दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने तबकडीवर त्याचे नाव 'चार्ली चॅन' असे छापले गेले. त्या मंडळातल्या तरुणांपाशी पैसा नव्हता, अनुभव नव्हता. कोणते पाच जण एकत्र यायला हवेत, याची अचूक जाण मात्र होती, आणि ती जाण ऐकून ऐकूनच आली होती.

या परंपरेतले दोष झाकावेत असे मला वाटत नाही. बिल सॅव्हरी या ध्वनितंत्रज्ञाने १९३५ ते १९४० या काळात न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरून थेट प्रसारित होणारे जॅझचे कार्यक्रम शेकडो तबकड्यांवर टिपले. त्यांत सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने रंगमंचावर पुष्कळ विस्ताराने वाजवलेले 'बॉडी अँड सोल' आहे. पण हयातभर त्याने हा खजिना फार थोड्यांना ऐकवला. तो २००४ मध्ये वारल्यावर त्याच्या मुलाकडून २०१० मध्ये हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाला तो मिळाला, तेव्हा काही तबकड्या हाताबाहेर गेल्या होत्या, कारण अशा तबकडीचा लाखेसारखा थर वर्षानुवर्षांनी आकसतो आणि खालच्या ॲल्युमिनियमपासून पापुद्र्यासारखा सुटतो. जपणे आणि लपवणे यांत फरक आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. परवानगीवाचून केलेली पुष्कळ मुद्रणे नंतर विकली गेली, आणि ज्यांच्या घामातून ते संगीत निघाले त्या वादकांना, त्यांतही काळ्या वादकांना, त्यातला एक पैसाही मिळाला नाही. मिंगससारख्या वादकांचा याविषयीचा संताप सर्वस्वी योग्य होता. म्हणून आमच्या गटात एक शिस्त आम्ही पाळतो: जे रीतसर विकत मिळते ते विकत घेऊनच ऐकायचे.

मोठ्या संस्थेच्या कपाटातही मुद्रण हरवू शकते. थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांचे २९ नोव्हेंबर १९५७ चे कार्नेगी हॉलमधले वादन व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकेच्या सरकारी नभोवाणीने मुद्रित केले होते, पण ते २००५ पर्यंत कोणाच्या लक्षातच आले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुन्या टेपांचे अंकीकरण सुरू असताना तिथले ग्रंथपाल लॅरी ॲपेलबॉम यांना ते आढळले. ते ओळखण्यासाठी समोर जॅझ जाणणारा माणूस असावा लागला.

मुंबईशी या सगळ्याचे नाते जवळचे आहे. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि पुढे ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड या अमेरिकन वादकांनी इथे बरीच वर्षे काढली. त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. पुणतांब्याला जन्मलेले आपले रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या 'समाधी' आणि 'अलबेला' या चित्रपटांच्या संगीतात जी नवी लय आली तीत चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता. पण त्या काळच्या चित्रपटगीतांच्या तबकडीवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव असे; ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम कोणाचे, हे कुठेही छापलेले नसे. दलोने यांनी जे काम पॅरिसमध्ये केले, ते आपल्याकडे फार उशिरा आणि फार थोड्यांनी हाती घेतले. दरम्यान ते वादक एकेक करून गेले.

श्रोत्यांनी पुढाकार घेतल्याचे उदाहरणही मुंबईतच आहे. निरंजन झवेरी यांच्यासारख्या जॅझप्रेमींनी जॅझ इंडिया ही संस्था उभी केली आणि १९७८ मध्ये धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरवली. त्या यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले. याच रोलिन्सनी त्याआधी दहाएक वर्षे वादन थांबवून पवईच्या आश्रमात काही महिने काढले होते. उघड्या आकाशाखालचे ते रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमामुळे मैफलींना बंद झाले, ही मुंबईच्या संगीताची फार मोठी हानी आहे असे मी मानतो. पण तिथे जे वाजले ते ऐकलेले लोक आज हयात आहेत, आणि त्यांच्या आठवणी लिहून घेणे शक्य आहे.

आमच्या गटाने सध्या हेच काम आरंभले आहे. वांद्रे, माझगाव, धोबी तलाव येथे आणि गोव्यातल्या गावोगावी वादकांच्या घरी जुन्या तबकड्या, कॅसेटी, वृंदाची छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका अजून आहेत. त्यांतले काही आपल्या घरी असेल, तर ते कोणाला देण्याआधी त्या वस्तूच्या पाकिटावर तारीख, जागा आणि आठवतील तेवढ्या वादकांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत, आणि नाव आठवत नसेल तर निदान तो माणूस कोणते वाद्य वाजवत होता हे तरी लिहावे. कॅसेट असेल तर ती पुन्हापुन्हा वाजवू नये. ओलसर कपाटातून बाहेर काढून आधी तिची प्रत करून घ्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वादकांविषयी आत्ताच विचारावे.